दहा अंशांची चूक

१

सकाळी आठ वाजता मी अंगणातल्या पेटीपाशी जातो. एकेचाळीस वर्षं जातो आहे. विद्यापीठात हवामानशास्त्र शिकवत होतो तेव्हा जात होतो, निवृत्त झालो त्या दिवशी गेलो, आमची ही गेली त्या दिवशीसुद्धा गेलो. लोकांना तो कोरडेपणा वाटला. असेलही. मला स्वतःबद्दल खात्रीनं काही सांगता येत नाही. हवेबद्दल थोडंफार येतं.

पेटी म्हणजे चार पायांवर उभं केलेलं पांढरं लाकडी कपाट, माझ्या छातीच्या उंचीचं. चारी बाजूंना तिरप्या पट्ट्यांच्या झडपा, म्हणजे वारा आत येतो आणि ऊन येत नाही. समोर दार. आत कमाल तापमापक आडवा ठेवलेला असतो. त्याचा पारा दिवसभरात जितका चढेल तितका चढतो आणि तिथंच थांबतो. ताप मोजायच्या काचेच्या नळीसारखाच, झटकल्याशिवाय खाली येत नाही. म्हणून सकाळी आठला तो आदल्या दिवसातला सर्वांत उष्ण क्षण दाखवतो. वाचायचं, वहीत लिहायचं, झटकायचं, दार लावायचं. महिनाअखेर वहीची नक्कल वेधशाळेला पाठवायची.

वाचायचे नियम दोनच. पाऱ्याच्या फुग्याला हात लावायचा नाही, आणि वाचताना श्वास धरून ठेवायचा. कारण माणसाचं अंग आणि माणसाचा श्वास, दोन्ही हवेपेक्षा गरम. निरीक्षकानं तिथं नसल्यासारखं असावं, असं मी वर्गात सांगत असे. मागच्या बाकावरची मुलं म्हणत, सर घरीही तसेच असतात.

बारा जानेवारीला पारा छत्तीस पूर्णांक आठवर होता.

मी वहीत ३६.८ लिहिलं, मग ३ वर लाल शाईची रेघ मारून २६.८ केलं. कारण आदल्या दिवशी मी दिवसभर स्वेटर घालून बसलो होतो. छत्तीस शक्यच नव्हतं. ही चूक आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. नळीवर मोठे आकडे दहा-दहा अंशांनी असतात, मध्ये बारीक रेघा. डोळा रेघा काटेकोर मोजतो, अगदी दशांशापर्यंत, आणि त्या नादात मोठा आकडाच चुकीचा धरतो. बेफिकीर माणूस ही चूक करत नाही; बारकाईनं बघणाराच करतो. वर्षातून पाच-सहा वेळा होते. लाल शाई त्यासाठीच असते.

पण तीन आठवड्यांपूर्वी माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता, आणि नव्या नजरेचं मला लहान मुलासारखं अप्रूप होतं. झटकण्याआधी गंमत म्हणून पुन्हा वाकून पाहिलं. मोठा आकडा स्वच्छ दिसला. तीस. त्याच्यापुढे सहा रेघा, आणि सातवीच्या जरा अलीकडे पारा.

तरी मी झटकलं. हाताला एकेचाळीस वर्षांची सवय, डोळ्याला तीन आठवड्यांची. हातानं डोळ्याचं ऐकलं नाही.

२

धाकट्याला आम्ही खारू म्हणायचो. खारीसारखा एका जागी ठरायचा नाही म्हणून. पेटी बसवली तेव्हा तो आठ वर्षांचा होता. मी समोरून दार उघडून, श्वास धरून वाचायला वाकलो की हा मागच्या बाजूला जाऊन पट्ट्यांमधून हळूच फुंकर मारायचा. पारा चढायचा. मी चिडायचो, विज्ञानाशी खेळ करतोस म्हणायचो. ही आतून म्हणायची, "अहो, एवढ्यानं तुमच्या विज्ञानाला सर्दी व्हायची नाही."

पुढे तो माझ्याहून चांगलं वाचायला लागला. मी परगावी गेलो की वही त्याच्याकडे. त्याच्या नोंदींत लाल शाई नाही. एकदा मी विचारलं, तुझी दहाची चूक कशी होत नाही रे? म्हणाला, "मी अंदाज करून जात नाही, बाबा. जे दिसेल ते लिहितो."

तो सैन्यात गेला तेव्हा मी काही बोललो नाही. मला ते मान्य नव्हतं, पण न बोलणं हा माझा स्वभाव, आणि त्याला मी संयम म्हणत आलो. तेविसाव्या वर्षी, बर्फानं भरलेल्या एका डोंगरधारेवरच्या लढाईत तो मारला गेला. सोळा जानेवारीला तार आली, नंतर पत्र. अकरा जानेवारीला दुपारी, तोफेच्या गोळ्यानं, तत्काळ. यातना झाल्या नाहीत.

त्या 'तत्काळ'वर मी सव्वीस वर्षं काढली. ही विचारायची, "तत्काळ म्हणजे किती हो?" मी तिला मज्जातंतूंतून संदेश किती वेगानं जातो, स्फोटाचा दाब किती वेगानं येतो, हे समजावून सांगितलं होतं. दुखायच्या आधीच संपलेलं असतं, असं गणितानं सिद्ध केलं होतं. ती ऐकून घ्यायची आणि दोन-चार महिन्यांनी पुन्हा विचारायची.

दुसऱ्या वर्षी त्याच्या तुकडीतला एक सोबती आला. उंच, खारूच्याच वयाचा. बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीच्या कडेवर बसला, जणू खुर्ची दुसऱ्या कुणाची आहे. ही आत चहा करत होती. त्यानं सुरुवात केली, "काका, त्या दिवशी खरं तर..."

मी म्हणालो, "पत्रात सगळं आलं आहे."

मान वर केली तर ही दारात ट्रे घेऊन उभी. तिनं ऐकलं होतं. सोबत्यानं चहा घेतला, रस्त्याची, गाडीची चौकशी केली आणि निघाला. जाताना एका कागदावर आपला पत्ता आणि फोन लिहून दिला. तो कागद हिनं बटणांच्या डब्यात ठेवला. 'तत्काळ म्हणजे किती' हे तिनं मला त्यानंतर कधीच विचारलं नाही. ती जाऊन आता सहा वर्षं झाली.

३

तेरा जानेवारीला पारा तेहतीस पूर्णांक चारवर होता.

हवेत गारवा होता. मी लगेच वही उघडली नाही. स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो, चष्मा पुसला, परत आलो, डावा डोळा झाकून उजव्यानं पाहिलं, उजवा झाकून डाव्यानं पाहिलं. डाव्याला सगळं धुरकट दिसतं, पण तेहतीस त्यालाही दिसलं. ३३.४ लिहिलं. लाल पेन हातात होतं. ते मी उघडलं नाही.

वेधशाळेच्या तपासनिसाला फोन केला. वर्षातून एकदा तो उपकरणं तपासायला येतो; कधीकाळी माझ्या वर्गात होता. म्हणालो, कमाल तापमापक बिघडला आहे. तो दुपारीच आला. बादलीत कोमट पाणी घेऊन त्यानं आपला प्रमाणित तापमापक आणि माझा शेजारी शेजारी बुडवले, पाणी ढवळलं, दोन्ही वाचले. तीनदा. मग माझा पुसून मला दिला.

"सर, हा तुमच्या-माझ्यापेक्षा ठणठणीत आहे. दशांशाचाही फरक नाही."

मी विचारलं, मधूनच वेड्यासारखं दाखवू शकतो का? नळी तडकली असेल, पारा तुटत असेल? तो म्हणाला, पारा तुटला तर कसाही तुटेल, रोज एक वेगळा नीटनेटका आकडा देणार नाही. मग जरा थांबून, माझ्या डोळ्याकडे बघत, त्यानं विचारलं की घरात दुसरं कोणी असतं का. मी म्हणालो, कोणी नाही. तो हसत म्हणाला, "मग पेटीला थोडे दिवस सुट्टी द्या. एकेचाळीस वर्षांत तिनं एकही रजा घेतली नाही, आता ती आजारपणाची रजा मागतेय."

तो गेल्यावर घर नेहमीपेक्षा मोठं वाटलं. बादलीतलं पाणी तसंच राहिलं होतं. मी बोट घालून पाहिलं. एवढ्यात गार झालं होतं.

४

वह्या माडीवरच्या खोलीत आहेत. मी गेल्या वर्षीची काढली आणि जानेवारीचं पान उघडलं.

बारा तारीख. ३६.८, त्यातल्या ३ वर लाल रेघ, वर २. तेरा तारीख. ३३.४, लाल रेघ, २३.४. चौदा तारीख. २८.१. तिथं लाल शाई नव्हती. लागणारच नव्हती, अठ्ठावीस ही आमच्याकडच्या जानेवारीतल्या दुपारी खपून जाणारी गोष्ट आहे.

त्याच्या आदल्या वर्षीची काढली. मग त्याच्या आधीची. थोड्या वेळानं मी पानं बघणं थांबवून नुसत्या वह्या उघडून जमिनीवर मांडत गेलो. पंचवीस वह्या. बारा, तेरा, चौदा. छत्तीस-आठ, तेहतीस-चार, अठ्ठावीस-एक. अक्षर माझं. लाल रेघा माझ्या, सरळ, पट्टीनं मारल्यासारख्या.

एवढी वर्षं हे लक्षात कसं आलं नाही, असं कोणीही विचारेल. मी मासिक सरासरी काढतो. एकतीस दिवसांत तीन दिवस बुडून जातात, त्यातून मी त्यांतले दोन आधीच दुरुस्त केलेले. माणूस जे रोज दुरुस्त करतो ते तो पाहत नाही.

मी जमिनीवर बसून तर्क केला; दुसरं मला काही येत नाही. मुलाची तारीख जवळ आली की बापाचं मन थाऱ्यावर राहत नाही. मन थाऱ्यावर नसलं की चुका होतात. दर वर्षी त्याच तारखांना त्याच चुका होऊ शकतात, दुःखाचंही वेळापत्रक असतं. मला हे पटत आलं होतं. त्यांच्याही आधीची, सव्विसावी वही मी केवळ पडताळ्यासाठी ओढली.

ती लढाईच्या वर्षाची होती. बारा जानेवारी, ३६.८, लाल रेघ. तेरा, ३३.४, लाल रेघ. चौदा, २८.१.

तार सोळा तारखेला आली. बाराला, तेराला, चौदाला मला काहीही माहीत नव्हतं. त्या तीन सकाळी मी कुठलंही दुःख न बाळगता अंगणात गेलो होतो, श्वास धरून वाचलं होतं, दहा अंशांनी दुरुस्त केलं होतं, आणि झटकलं होतं.

५

संध्याकाळी थोरल्या मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात एका मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. रोज सातला फोन करते आणि मी जेवलो का, गोळ्या घेतल्या का, हे विचारते. मला तिला काही सांगायचं नव्हतं. पण तिनं आवाज का असा येतोय म्हणून विचारलं तेव्हा मी म्हणालो, काही नाही, एका मालिकेत अडकलोय. पहिल्या दिवशी छत्तीस-आठ, दुसऱ्या दिवशी तेहतीस-चार, तिसऱ्या दिवशी अठ्ठावीस-एक.

मला वाटलं होतं ती म्हणेल, बाबा, आता हवामान पुरे. ती लगेच म्हणाली, "कुठं पडून होता हा?"

"कोण?"

"हा पेशंट. बाहेर थंडीत होता ना? पहिल्या दिवशी ठीक आहे, दुसऱ्या दिवशी कापरं भरलं असणार, तिसऱ्या दिवशी कापरंही थांबलं. तुम्ही काय बातम्या बघताय का?"

एकेचाळीस वर्षं मी छत्तीस-आठ हा आकडा कडक उन्हाळ्यातली दुपार म्हणून वाचत आलो. ते माणसाचं अंग असेल, हे मला एकदाही सुचलं नव्हतं. तिला सुचायला एक क्षण लागला.

मी जमेल तेवढ्या साध्या आवाजात विचारलं, अठ्ठावीस म्हणजे संपलंच का? ती म्हणाली, तसं नाही. श्वास सापडत नाही, नाडी सापडत नाही, बघणाऱ्याला वाटतं गेला. "पण आमच्याकडे गार पडलेल्या माणसाला ऊब देऊन बघितल्याशिवाय मयत लिहीत नाहीत, बाबा. घाई करायची नाही." मग म्हणाली, आता हे असलं काही वाचू नका, आणि दार नीट लावा. या महिन्यात किंवा पुढच्या महिन्यात येऊन मी तुम्हाला घेऊनच जाणार आहे, ते घर आता एकट्या माणसाचं नाही.

भावाचं नाव तिनं काढलं नाही. तिला आकड्यांत तो दिसला नसावा. किंवा दिसला असेल आणि ती माझीच मुलगी असेल.

६

बटणांचा डबा कपाटात होता तिथंच होता. कागद घडीवर पिवळा पडला होता, आणि फोनचे आकडे दोनदा बदलून हिच्या अक्षरात पुन्हा लिहिलेले होते. म्हणजे ती त्याची खबर ठेवून होती. काय बोलली असेल, किती ऐकलं असेल, मला माहीत नाही. शेवटचा नंबर तिच्या आजारपणातला असावा. अक्षर हललेलं होतं.

सोबत्यानं फोन घेतला. मागे लहान मुलांचा गलका होता. आजोबा, आजोबा असं कोणीतरी त्याला ओढत होतं. मी कोण ते सांगितल्यावर तो बाजूच्या खोलीत गेला असावा, कारण गलका बंद झाला.

मी म्हणालो, "तो चौदा तारखेपर्यंत होता का?"

मग त्यानं विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं, काका?"

मी म्हणालो, कुणी नाही, तू सांग. या वेळी मी मध्ये बोललो नाही. त्यानं जे सांगितलं ते मी इथं उतरवून काढणार नाही. ते त्याचं आहे, आणि त्यानं ते सव्वीस वर्षं माझ्यामुळे एकट्यानं सांभाळलं. एवढंच लिहितो की खारू धारेच्या पलीकडच्या उतारावर पडला होता, त्यांना दिसत नव्हता, त्याच्यापर्यंत जाता येत नव्हतं, आणि पहिला पूर्ण दिवस ते एकमेकांशी बोलत होते. खारूनं चेष्टासुद्धा केली होती. दुसऱ्या दिवशी त्याचे शब्द नीट येईनात. तरी अधूनमधून तो काही आकडे सांगायचा, असं सोबती म्हणाला. त्यांना वाटलं, भ्रमात काही मोजतोय.

मी विचारलं, कोणते आकडे. त्याला आठवत नव्हते. तो म्हणाला, "पण काका, विचित्र एकच होतं. दिवसातून एकदाच सांगायचा. सकाळी."

७

चौदा जानेवारीला मी पावणेआठलाच बाहेर गेलो. धुकं नव्हतं, वारा नव्हता. शेजारच्या घराचं फाटक वाजलं, एक दुचाकी सुरू झाली, गेली. मग काही नाही. आठ वाजेपर्यंत मी दारासमोर हात मागे बांधून उभा राहिलो. अगदी शेवटपर्यंत माझ्या मनाचा एक भाग म्हणत होता की पारा चोवीस किंवा पंचवीसवर असेल, आणि मग मी आत जाऊन चहा करीन आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करीन.

दार उघडलं. अठ्ठावीस पूर्णांक एक.

पेटीत वाकून मागच्या पट्ट्यांकडे पाहिलं की पलीकडचा उजेड बारीक आडव्या रेघांसारखा दिसतो. त्या रेघा मी हजारो वेळा पाहिल्या आहेत. त्या दिवशी मी त्यांच्याकडे बघत होतो, कारण पाऱ्याकडे बघवत नव्हतं. झटकायचं राहिलं होतं. उजवा हात त्यासाठी उचललेला होता.

मी फुगा मुठीत धरला.

एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. काच इतकी गार होती की हात मागे घ्यावासा वाटला, आणि तो हवेचा गारठा नव्हता. हवा मला माहीत आहे. मी दुसरा हातही वरून धरला. वाकलो आणि तोंड उघडून दोन्ही हातांच्या फटीत श्वास सोडला, पुन्हा सोडला. पारा अठ्ठावीसवर होता. मग एकोणतीस. मला माझ्याच हातांचं तापमान ठाऊक आहे. म्हाताऱ्या माणसाचा तळवा बत्तीस-तेहतीसच्या पुढे जात नाही. त्याच्यापुढे काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं.

तेव्हा मागच्या उजेडाच्या रेघा विझायला लागल्या. सगळ्या एकदम नाही. खालची विझली, मग तिच्यावरची, मग तिच्यावरची, कोणीतरी बसलेलं हळूहळू, हातांवर भार देत, उभं राहावं तशा. माझ्या छातीच्या उंचीपर्यंत येऊन ते थांबलं. पलीकडे कसलाही आवाज नव्हता. पण आवाज नसण्याचेही प्रकार असतात. कोणीतरी श्वास धरून उभं असलं की जे होतं, ते मी ओळखतो. मीच ते शिकवलं होतं.

मागे जाऊन बघायला चार पावलं पुरली असती. त्यासाठी हात सोडावा लागला असता.

मी सोडला नाही. म्हणालो, "हरकत नाही. सोड श्वास."

पट्ट्यांमधून फुंकर आली. माझ्या बोटांच्या पेरांवर लागली. ती गरम नव्हती. पट्ट्यांवरची धूळ हलली आणि माझ्या मनगटावरचे केस उभे राहिले, आणि पारा चढला. तीस. तेहतीस. माझ्या तळव्याच्या पुढे गेला. मी डोळे मिटून घेतले. किती वेळ उभा होतो ते माहीत नाही; कंबर धरली होती. उघडले तेव्हा मागे उजेडाच्या सगळ्या रेघा जागच्या जागी होत्या आणि पारा छत्तीस पूर्णांक आठवर थांबलेला होता.

मी झटकलं नाही. वहीत २८.१ लिहिलं आणि शेऱ्याच्या रकान्यात, नियमाप्रमाणे, लिहिलं: फुग्याला हात लागला. नोंद ग्राह्य धरू नये.

८

त्यानंतर रोज सकाळी छत्तीस-आठ. साहजिकच आहे, झटकल्याशिवाय पारा उतरत नाही. मी तसंच लिहीत गेलो. महिनाअखेर नक्कल पोचल्यावर तपासनिसाचा फोन आला: सर, तुमच्या अंगणाला ताप आलाय का? मी म्हणालो, ताप नाही, छत्तीस-आठ म्हणजे ठीक असतं. त्याला हसायचं होतं, पण तो हसला नाही.

त्या जवळजवळ तीन आठवड्यांत मला झोप चांगली लागली. हे लिहिताना लाज वाटते, पण लागली.

तीन फेब्रुवारीला पारा छत्तीस पूर्णांक एकवर होता.

आपोआप उतरणं शक्य नाही. नळीचा गळा इतका अरुंद असतो की पारा परत फिरू शकत नाही; उपकरणाची रचनाच तशी आहे. मी फुगा धरला. पाच मिनिटांत छत्तीस-आठ झाला. दुसऱ्या दिवशी पस्तीस-दोन. वीस मिनिटं लागली. मागच्या रेघा आता फक्त खालच्या दोनच विझतात. जे आहे ते उभं राहत नाही. फुंकर येते, पण मला तिची वाट बघावी लागते, आणि दोन फुंकरींमधलं अंतर मी मोजतो. मोजायचं नाही असं ठरवूनही मोजतो.

घाई करायची नाही, असं थोरली म्हणाली होती. ऊब देऊन बघितल्याशिवाय लिहायचं नाही. पण ऊब किती दिवस द्यायची, हे मी तिला विचारलं नव्हतं. आता विचारायचं कसं? ती रविवारी येते आहे. तिच्या घरात माझी खोली तयार आहे, खिडकीला पडदे लावलेत, शेजारी निवृत्त लोकांचा वाचनकट्टा आहे म्हणे. मी नाही म्हटलं तर ती कारण विचारील. कारण सांगितलं तर ती मला नक्कीच घेऊन जाईल.

आज शनिवार. सकाळी तेहतीस-चार होता. दीड तास लागला. हात अजून गार आहेत, पेन नीट धरवत नाही; बादलीभर गरम पाण्यात बुडवून ठेवले तरी फरक पडला नाही. मला शंका येते की हे सगळं माझ्या नव्या डोळ्याचं आणि जुन्या मनाचं कारस्थान असेल. ही शंका मी नीट तपासून पाहिली आहे. ती खरी असू शकते. पण खरी ठरवायची तर उद्या सकाळी आठला घरात बसून राहावं लागेल, आणि एकदा त्याला तीन दिवस तसं ठेवून झालं आहे.

उद्याचा आकडा मला माहीत आहे.

पेटीजवळ कोणी बसू नये, असा नियम आहे. संध्याकाळी मी बाहेरच्या खोलीतली खुर्ची उचलून नेली आणि पेटीच्या दारासमोर ठेवली. परत आत आलो, स्वयंपाकघरातली हिची खुर्ची घेतली, आणि ती मागच्या बाजूला ठेवली.